विद्युत नौका-मोटारीसाठी बॅटरीची निवड : पिंपळनेर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

साक्री तालुक्यात पिंपळनेरजवळ पांझरा नदीवर लाटीपाडा धरण आहे. अशा जलाशयात वल्ह्यांच्या होडीला छोटी विद्युत मोटार (ट्रोलिंग मोटार) जोडता येते. ती आवाज करीत नाही, पाण्यावर तेलाचा तवंग सोडत नाही. मात्र मोटारीसोबत बॅटरी सहसा मिळत नाही. ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते आणि ग्राहकाची फसगत बहुधा तेथेच होते. प्रस्तुत लेखात या निवडीमागील शास्त्रीय आधार मांडला आहे.

कोणती बॅटरी?

प्रथम विचार येतो तो घरच्याच बॅटरीचा. म्हणजे ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन सुरू करताना काही सेकंद शेकडो अँपिअर प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात व वारंवार खोलवर रिकामी केल्यास ती लवकर निकामी होते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी मात्र तासन्‌तास प्रवाह देण्यासाठीच असते. तत्त्वतः तीच योग्य होय. परंतु तिच्यावर छापलेला आकडा दिशाभूल करतो.

'१५० अँपिअर-तास' ही क्षमता साधारणतः २० तासांच्या हिशोबाने, म्हणजे ७.५ अँपिअर प्रवाहावर मोजलेली असते. ५५ पौंड रेट्याची १२ व्होल्टची मोटार पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर घेते. मध्यम वेगासाठी ३० अँपिअर धरू. प्रवाह वाढला की शिसे-आम्ल बॅटरीतून मिळणारी एकूण क्षमता घटते. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये हा नियम मांडला. त्यातील घातांक १.२ धरल्यास १५० ऐवजी सुमारे ११४ अँपिअर-तासच हाती लागतात. आयुष्य टिकविण्यासाठी निम्मीच क्षमता वापरायची म्हटले, तर मोटार दोन तासही चालत नाही. शिवाय पन्नास किलोहून अधिक वजन छोट्या होडीत वाहायचे, ते वेगळेच!

याउलट १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १२ किलोची असते. प्रवाह वाढल्याने तिची क्षमता फारशी घटत नाही. ८० टक्के वापर धरला तरी ३० अँपिअरवर ती दोन तास चाळीस मिनिटे चालते. किंमत अधिक, हे खरे. तथापि योग्य वापरात तिचे आयुष्य अनेक पटींनी जास्त असते. खरेदीपूर्वी तिचे अंतर्गत नियंत्रक मंडल (बीएमएस) किती अखंड प्रवाह देऊ शकते, हे अवश्य विचारावे. ही मर्यादा मोटारीच्या कमाल प्रवाहाहून कमी असल्यास मंडल ऐन वेळी प्रवाह तोडते.

वाऱ्याचा हिशोब :

याच तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या आहेत. येथील वाऱ्याविषयी आणखी सांगणे नलगे. वाऱ्यासोबत जाताना मोटार थोडक्या विजेत नेते, परतताना तेच अंतर दुप्पट प्रवाह मागू शकते. म्हणून जाताना एक-तृतीयांशापेक्षा जास्त क्षमता खर्चू नये व वल्ही काठावर ठेवून जाऊ नये.

भारण व सुरक्षितता :

लिथियम बॅटरीला तिच्यासाठीचाच चार्जर लावावा. जुना इन्व्हर्टर त्यासाठी योग्य असेलच असे नाही. शिसे-आम्ल बॅटरी भारताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवावी, आणि होडीत कलंडून आम्ल सांडू नये म्हणून खोक्यात पट्ट्याने बांधावी. प्रकार कोणताही असो, बॅटरीच्या धन टोकाजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा आणि तार जाड घ्यावी. पातळ तार ३० अँपिअरला तापते आणि मोटारीपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही.