पाहुण्यांचे श्रमदान

कल्याण–नगर रस्त्याने माळशेज घाट चढून यावे, ओतूर मागे टाकावे, की आळेफाट्याच्या अलीकडे पिंपरी पेंढार लागते. खेड्यात चार दिवस सेवा करू पाहणाऱ्या शहरी मंडळींना अशी गावे सोयीची पडतात. गाडी थेट येते, मुक्कामाला शाळा मिळते, सरपंच कौतुकाने नारळ देतात. चर्चचा तरुण संघ असो, कॉलेजची मुले असोत की कंपनीचे कर्मचारी, बेत साधारण एकच असतो. जुन्नर-आंबेगाव आणि त्यांना लागून असलेला नगरचा मुलूख धरला, तर बाहेरच्यांच्या अशा फेऱ्यांना दोनशे वर्षे होत आली. या काळाचा हिशेब मांडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पाहुण्यांच्या कष्टांचे गावात काही उरले ते तिथेच, जिथे त्यांच्या आधीपासून कोणीतरी मुक्काम ठोकून होते आणि त्यांच्यामागेही राहिले. बाकी ठिकाणी फायदा झाला तो पाहुण्यांचा. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याला गावाची सेवा म्हणू नये.

सुरुवात मिशनऱ्यांच्या दौऱ्यांपासून करावी लागेल. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्याचे ठाणे झाले. पाऊस सरला की तंबू घेऊन गावोगाव हिंडायचे, उपदेश करायचा, पुस्तिका वाटायच्या, जमल्यास औषध द्यायचे, असा रिवाज होता. मुंबईला आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल १८२६ साली अशाच दौऱ्यात पटकीने गेला, तेव्हा या माणसांच्या निष्ठेवर शंका घेण्याचे कारण नाही. तरी आज नगरकडे मिशनची आठवण निघते ती शाळा-दवाखान्यांमुळे आणि भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली काढलेल्या अहमदनगर कॉलेजमुळे. ज्या गावांत तंबू एका रात्रीपुरता पडला, तिथे त्याची खूण शोधूनही सापडायची नाही.

स्वातंत्र्यानंतर हा साचा वेगळ्या हेतूने कॉलेजांकडे आला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि दत्तक गावातले सात दिवसांचे निवासी शिबिर महाराष्ट्रातल्या घराघराला माहीत झाले. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी पथनाट्य, सातव्या दिवशी समारोप आणि हार-तुरे. शिबिराची खरी अडचण मुलांच्या आळसात नसते, ती तारखेत असते. वनराई बंधाऱ्याचेच पाहा. रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यात रचलेला हा बांध परतीचा पाऊस ओसरताना, ओढा वाहता असतानाच घालायला हवा. शिबिर मात्र परीक्षा आटोपल्यावर, बहुधा डिसेंबर-जानेवारीत येते. तोवर बऱ्याच ओढ्यांचे पाणी निघून गेलेले असते. झाडांचेही तेच. खड्डे उन्हाळ्यात घ्यायचे, रोप पहिल्या दमदार पावसानंतर लावायचे, आणि खरे काम पुढची दोन-तीन वर्षे, गुरांपासून राखण्याचे अन् चैत्र-वैशाखात घागरीने पाणी घालण्याचे. जानेवारीतले वृक्षारोपण फोटोपुरतेच.

याच्या उलट उदाहरण आंबेगावच्या पश्चिम डोंगरात आहे. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांत पडकईची जुनी रीत आहे. भाताचे खाचर करायचे तर डोंगराचा उतार फोडावा लागतो. वरच्या अंगाची माती खणून खालच्या अंगाला ओढायची, निघालेल्या दगडांचा बांध रचायचा, पावसाळ्याआधी सपाटी साधायची. एका घराच्या आवाक्यातले हे काम नव्हे, म्हणून शेजारची घरे आज याच्या, उद्या त्याच्या रानात राबतात. घोड नदीवरच्या डिंभे धरणात जमिनी गेल्यावर उतारावर नवी खाचरे काढण्याची निकड वाढली. पण ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याने दिवस बुडवून शेजाऱ्याकडे कसे राबावे? कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची ‘शाश्वत’ संस्था या भागात वर्षानुवर्षे राहून काम करत होती म्हणून तिला ही गाठ नेमकी कुठे बसली आहे ते कळले. पडकईला सरकारी रोजगाराचा पैसा मिळावा यासाठी तिने पाठपुरावा केला. २०१२ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या कामात पाहुण्याच्या टिकावाला फारशी किंमत नाही. दगड कोणत्या तोंडाने बसवायचा हे त्याला दाखवायला गावातलाच एक जाणता गडी अडकून पडतो.

चर्चशी नाते असलेली कामेही हेच सांगतात. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्यात त्यांनी अर्धे आयुष्य काढले. क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ साली त्यांनी ‘वॉटर’ ही पाणलोटाची संस्था काढली. जुन्नरला खेटून असलेल्या संगमनेर तालुक्यात म्हसवंडी, दरेवाडी ही गावे या कामाने ओळखली जाऊ लागली. समतल चर खणणे त्यातल्या त्यात सोपे. अवघड होती चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. शेळ्यांवर पोट असलेल्यांनी शेळ्या कुठे न्यायच्या, हा तंटा सात दिवसांत सुटत नाही, त्याला बैठकांमागून बैठका लागतात. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली गेले आणि तिथलेच झाले. त्यांनी गावच्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका केले. सुरुवातीला हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९०च्या दशकात तिशीच्या आत आला. देशोदेशीचे पाहुणे जामखेडलाही थोड्या दिवसांसाठी येतात, मात्र या बायकांकडून शिकायला. थोड्या मुक्कामाचा इतका प्रामाणिक उपयोग दुसरीकडे क्वचितच दिसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: गावाला कमी मिळाले तरी मुले घडतात, पुढे आयुष्यभर मदत करतात. तसे होत असेल तर उत्तमच. पण स्वतः ख्रिस्ती कॉलेजात शिकवणाऱ्या कर्ट व्हर बीक या अमेरिकी अभ्यासकाने होंडुरासमध्ये १९९८च्या मिच वादळानंतर चर्चच्या गटांनी बांधलेल्या घरांचा अभ्यास केला. घराचा खर्च सुमारे २,००० डॉलर, आणि ते बांधायला आलेल्या एका गटाचा प्रवासासह खर्च ३०,००० डॉलरच्या घरात. स्थानिकांनी बांधलेल्या घरांपेक्षा पाहुण्यांच्या घरांनी कुटुंबांचे जास्त भले झाले असे दिसले नाही. परत गेलेल्यांच्या देणगीत आणि वागण्यातही टिकाऊ फरक फारसा आढळला नाही. आपल्याकडच्या शिबिरांचा खर्च इतका नसतो हे खरे, पण दोन्ही आकडे शेजारी मांडायची सवय आपल्यालाही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संकटात वेळेवर धावून येणाराच कामाचा. ३० जुलै २०१४ला आंबेगावातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली, तेव्हा कोणी दीर्घ मुक्कामाची वाट पाहत बसले नाही, बसायलाही नको होते. मात्र ढिगारा उपसणे हे प्रशिक्षित पथकांचे काम होते आणि आमडे येथे नवे गाव उभे राहायला २०१७चा एप्रिल उजाडला. संकटातली धाव गरजेची असते, पण जानेवारीतल्या शिबिराला तिचे उदाहरण लावता येत नाही. वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेचा दाखलाही देतात: १ मे २०१८च्या महाश्रमदानाला शहरांतून लोंढे गेले होते. पण त्या स्पर्धेत आधी गावातली पाच माणसे प्रशिक्षणाला जात आणि गाव ४५ दिवस खणत असे. शहरवाल्यांचा तो एक दिवस उत्सवाचा होता.

आता पुन्हा पिंपरी पेंढार. हे ‘गरीब खेडे’ आहे का? कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नरच्या पूर्वेकडे ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे पिकवली. या पट्ट्यात गरिबी आहे ती दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्यांच्या पालांत आणि वस्त्यांत, शाळेच्या भिंती रंगवून तिला हात लागत नाही. उसात बिबटे राहू लागले आहेत. २०२४ साली याच गावात शेतात कामाला गेलेल्या बायका हल्ल्यांत बळी पडल्या. शेतकऱ्यांचे मागणे पंपाला दिवसा वीज मिळावी, रात्री पाणी धरायला जावे लागू नये, हे आहे. ते शिबिरार्थींच्या हातात नाही. त्यांच्या हातात एवढे आहे: कोणत्या वस्तीवर दिवा नाही, कुठे बायकांना अंधारात बाहेर जावे लागते याची पाहणी गावच्या लोकांच्या सांगण्याने करावी आणि ती ग्रामसभेत ठेवावी. पुढच्या हिवाळ्यात ज्या चर्चला किंवा कॉलेजला गट पाठवायचा आहे, त्यांनी तारीख नक्की करण्याआधी गावात राहून काम करणाऱ्यांना विचारावे, आणि प्रवासावर किती गेले, कामावर किती, हे गावापुढे वाचून दाखवावे.