निळाई फुलात नसते

जर्मन कॅमोमाइलचं फूल पांढरं-पिवळं, पण वाफेवर काढलेलं त्याचं तेल गडद निळं. ही निळाई फुलात नसतेच. फुलातलं रंगहीन मॅट्रिसिन उष्णतेने तुटतं आणि त्यातून निळं कॅमाझुलीन तयार होतं. दाह भडकवणाऱ्या ल्युकोट्राइन बी-४ची निर्मिती ते रोखतं, असं पेशींवरील प्रयोगांत दिसलं आहे. तेलातलं बिसाबोलॉलही दाहशामक आहे. म्हणजे या तेलाचा गुण फुलाइतकाच भट्टीचाही, आणि ‘नैसर्गिक ते जसंच्या तसं’ हा आग्रह इथे टिकत नाही. कुणी म्हणेल, परीक्षानळीतलं शरीरात कुठे घडतं? आक्षेप रास्त आहे. पेशींना थेट दिलेली मात्रा त्वचेतून आत पोहोचेलच असं नाही. तेव्हा याला आशादायक म्हणावं, सिद्ध औषध म्हणू नये. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल, तर हे तेल टाळाच.