टाळेबंदीतलं दळण

एप्रिल २०२०. ब्रिटनमधल्या दुकानांत पिठाचे कप्पे रिकामे पडले होते. घरात अडकलेल्या लोकांनी पाव भाजायला घेतले आणि पिठाची साधी पिशवी मिळेनाशी झाली. खरं तर गव्हाचा तुटवडा नव्हताच. तिथलं बहुतेक पीठ बेकऱ्यांना आणि कारखान्यांना घाऊक जातं. किरकोळ दुकानांतून विकलं जातं ते जेमतेम ४ टक्के. लहान पिशव्या भरणारी यंत्रं रात्रंदिवस चालवूनही पुरी पडेनात.

त्या दिवसांत डॉर्सेट परगण्यातल्या स्टरमिन्स्टर न्यूटन गावाला स्टूर नदीकाठची जुनी पाणचक्की उपयोगी पडली. इथल्या गिरण्यांची नोंद थेट १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ दप्तरात सापडते. १९७० साली तिचं धंद्याचं दळण थांबलं. पुढे डागडुजी होऊन ती संग्रहालय म्हणून उघडली आणि महिन्यातले मोजके दिवस पाहुण्यांसाठी दळू लागली.

या चक्कीला बाहेरून चाक दिसत नाही. १९०४ मध्ये जुनी दोन चाकं काढून पाण्याखाली टर्बाइन बसवलं गेलं. दार उचललं की पाणी आत शिरतं, टर्बाइन फिरतं आणि दातेरी चाकांमार्फत ती गती वरच्या दगडापर्यंत पोचते.

पण पाणी मिळालं म्हणजे पीठ मिळालं, असं होत नाही. दोन दगडांमध्ये अगदी बारीक फट राखावी लागते. फट वाढली की भरड पडते. दगडाला दगड लागला, तर दोन्ही खराब होतात. खाली येणारं कोमट पीठ चिमटीत चोळून दळणारा त्याचा पोत जोखतो. आपल्याकडच्या जात्यासारखी या दगडांनाही अधूनमधून टाकी लावावी लागते, म्हणजे झिजलेल्या खाचा पुन्हा ठोकून काढाव्या लागतात. हे हाताचं काम गावातल्या हौशी मंडळींनी जपलं होतं, ही गोष्ट इमारत वाचवण्याइतकीच मोलाची.

म्हणूनच टाळेबंदीत पाहुणे बंद झाले, तरी दळण थांबलं नाही. चांगला गहू शिल्लक होता, यंत्र चालू स्थितीत होतं, दळणारे जवळच होते. एरवी वर्षभर पुरणारा सुमारे टनभर गहू अवघ्या दोन-तीन आठवड्यांत दळून झाला, आणि पिठाच्या पिशव्या गावातल्या दुकानांत व बेकऱ्यांत पोचल्या. १९७० नंतर पहिल्यांदाच या चक्कीचं पीठ गावाच्या रोजच्या गरजेला लागत होतं.