ॲटलास पतंगाला साखरपाणी नको

पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर कुणाच्या तरी भिंतीवर ॲटलास पतंग येऊन बसतो आणि लगेच विचारणा सुरू होते: "दिवसभर हललेला नाही, उपाशी दिसतोय. काय खायला देऊ?" कुणी मधाचा बोळा ठेवतं, कुणी साखरपाणी. अहो, त्याला खाताच येत नाही! सोंड उरली आहे ती नावापुरती, तिने काही शोषता येत नाही. खाण्याचं काम त्याने सुरवंट असतानाच उरकलेलं असतं. दालचिनीची, पेरूची पानं फस्त करून अंगात साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर, फार तर दोन आठवडे जगतो.

पटत नसेल तर भंडारा-गडचिरोलीत टसर पाळणाऱ्यांना विचारा. टसरचा पतंग याच सॅटर्निडी कुळातला. ऐन-अर्जुनावर वाढलेल्या सुरवंटांचे बीजकोष माळा करून टांगतात, पतंग बाहेर पडतात, जोड्या जमतात, मादी शे-दोनशे अंडी घालते आणि मरते. या सगळ्यात पतंगाला कुणी थेंबभरही पाजत नाही.

दिवसा तो हलत नाही, कारण तो निशाचर आहे. मादी असेल तर रात्री पोटाच्या टोकातून गंध सोडते आणि नेच्याच्या पानासारख्या रुंद मिशांचे नर त्या वासावर दुरून येतात. तिला खोक्यात घालून रात्रभर घरात ठेवलं, की मोजक्या रात्रींतली एक फुकट गेली. बसली आहे तिथेच बसू द्या, जवळचा दिवा तेवढा मालवा.

"जगातलं सर्वांत मोठं फुलपाखरू" हेही चूक. हे फुलपाखरू नव्हे, आणि पतंगांतही दक्षिण अमेरिकेतल्या थायसानिया अग्रिपिनाचा पंखविस्तार याच्या २४-२५ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरतो. "अतिदुर्मिळ" हा बातम्यांचा लाडका शब्द. आयुष्य थोडं आणि वावर रात्रीचा, म्हणून तो कमी दिसतो. पंखांच्या टोकांवरचं नागाचं तोंड पक्ष्यांना भिववतं, हा अंदाज आहे. सिद्ध झालेली गोष्ट म्हणून मुलांना सांगू नये. हा कपडे खाईल ही भीतीही नको, कपड्यांना लागणारी कसर वेगळ्याच कुळातली.

राहिला विषारी सुरवंट. ॲटलासच्या सुरवंटाचे काटे मऊ, मांसल असतात, त्यांवर पांढरी मेणचट भुकटी असते. हाताला लागली तरी काही होत नाही. माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत त्या दक्षिण अमेरिकेतल्या लोनोमिया सुरवंटाच्या. कूळ हेच, पण तो आपल्याकडे नाही. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्यावरचं प्रतिविष साओ पाउलोच्या बुटांटन संस्थेत बनतं. आपल्याकडे खाज सुटते ती शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटांनी. ते वेगळ्या कुळातले, आणि त्यांना मात्र खरोखरच हात लावू नका.