घर लहान आणि बारही हवा? मग आधी कुलूप आणा!

"ताई, यांच्या डोक्यात आता बारचं खूळ शिरलंय!"

डोंबिवलीहून मावसबहिणीचा फोन आला तेव्हा मला आधी हसूच आले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एवढीशी गॅलरी असे तिचे घर. माणसे पाच : सासूबाई, ही दोघे, नववीतली लेक आणि सहा वर्षांचे चिरंजीव. त्यात बार बसवायचा कुठे, पंख्यावर? पण तिचे पुढचे वाक्य ऐकले आणि माझे हसू ओसरले. "नको म्हटलं तर म्हणतात, मग मित्रांबरोबर बाहेरच बसत जाईन. आता तूच सांग, काय करू?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. पूर्वी आपल्याकडे बाटली आलीच तर वर्तमानपत्रात गुंडाळून येई आणि कपाटात धोतरांमागे लपून राही. आता ती उघड दिवाणखान्यात येऊ पाहते आहे. येऊ द्यायची की नाही, हे ज्याचे त्याच्या घराने ठरवावे. पण येणारच असेल तर ती बसणार कुठे, बाहेर कधी निघणार आणि किल्ली कुणाकडे राहणार, हे ठरवताना घरच्या बाईला विचारलेच पाहिजे. नाहीतर सुतार येतो, फळ्या ठोकून जातो, आणि मग धूळ पुसायला तेवढे आपल्याला बोलावतात!

आधी एक परखड गोष्ट. घरात कुणाचे पिणे हाताबाहेर गेले असेल, तर बार करू नका. सुंदर कपाटाने सवय आटोक्यात येत नाही, बाटली मात्र हाताशी येते. तिथे सुताराऐवजी डॉक्टरांना गाठावे. आणि थोडी घेतलेली प्रकृतीला बरी असते, या समजुतीवरही विसंबू नका. मद्याचे कोणतेच प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे.

पहिला बार फसला, तो असा

बहिणीकडे पहिला बार झाला तो पाहण्यासारखा. सोफ्याच्या डोक्यावर काचेच्या दारांचे कपाट, मागे आरसा, आत दिवे. बाटल्या सहाच, पण आरशामुळे बारा दिसत! आल्यागेल्याचे लक्ष पहिले तिथेच जाई. सासूबाईंनी तर त्या बाजूला बसायचेच सोडले.

दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा चिरंजीव भातुकली मांडून बसले होते. बाटल्यांची बुचे ओळीने लावलेली. आजीच्या हातात कोकम सरबताची वाटी देऊन म्हणतो कसा, "आजी, चिअर्स कर! आणि आता मोठ्यानं हस." सगळे हसले, बहीण मात्र हसली नाही. त्या रात्री दोघांचे काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. पण पुढच्याच रविवारी मेहुण्यांनी स्वतः सुताराला बोलावले आणि मला म्हणाले, "वन्संबाई, आता तुम्ही सांगाल तसं करू."

तेव्हा जे केले, तेच आज तुम्हाला सांगते.

जागा कुठे शोधाल?

लहान घरात बारसाठी वेगळी जागा काढायची नसते, असलेलीच वापरायची असते. तुमच्या दिवाणखान्यात जुन्या खोक्यासारख्या टी.व्ही.साठी केलेला शोकेस अजून आहे का? टी.व्ही. केव्हाच चपटा होऊन भिंतीवर गेला, पण त्याचा दीड-दोन फूट खोल खण तसाच रिकामा असतो आणि आपण त्यात जुने अल्बम कोंबतो. तो खण या कामाला उत्तम. तो नसेल तर दाराआडची भिंत किंवा खांबाशेजारचा कोनाडा पाहा.

तीन जागा मात्र टाळा. एक, गॅसच्या जवळपास, कारण मद्य पेट घेते. दोन, देवघराशेजारी. तिथे समई-निरांजन असते म्हणून, आणि वडीलधाऱ्यांच्या मनाचा विचार म्हणूनही. तीन, पश्चिमेच्या खिडकीसमोर. दुपारचे ऊन आणि उष्णता यांनी वाईनची चव बिघडते.

सुताराला सांगायची मापे

रुंदी ३० इंच, उंची ३६ इंच आणि आतली खोली १० इंच, एवढे भिंतीवरचे कपाट एका कुटुंबाला पुष्कळ झाले. त्याचा खालचा खण १५ इंच उंच ठेवा. ७५० मिलिलिटरची बाटली साधारण फूटभर उंच असते, आणि ती वरच्या फळीला न आपटता काढता यायला हवी. वरचे दोन खण ग्लासांना आणि सरबतांना.

खालच्या खणाचे दार बाजूला उघडणारे न करता पुढे खाली पडणारी झडप करावी. दोन्ही बाजूंना साखळी लावली की हीच झडप टेबल होते. ती जमिनीपासून ३६ ते ४० इंचांवर येईल असे कपाट टांगले, तर उभ्याने ग्लास भरायला वाकावे लागत नाही. झडप मिटली की टेबल नाहीसे! उंच स्टुलांचा मोह नको. बसणाऱ्याचे गुडघे, स्टूल आणि मागून जायची वाट धरून चार फूट जागा खातात ती.

वजनाचा अंदाज घ्या. एक भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची. दहा-बारा बाटल्या आणि ग्लास मिळून पंचवीस किलोंपर्यंत भार होतो. म्हणून कपाट खिळ्यांवर टांगू नका. विटांच्या पक्क्या भिंतीत भोके पाडून स्क्रूने आवळून घ्या. प्लायवूडच्या आडभिंतीवर तर मुळीच नको. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला इंचभर उंचीची पट्टी मारा. रेल्वेलाइनजवळच्या घरांत लोकल गेली की ग्लास कसे किणकिणतात, हे बहिणीला विचारा!

झडपेच्या आतल्या बाजूला सनमायका लावा. सुतार पॉलिशचा आग्रह धरील. पण फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तिच्यावर दारू सांडली की पॉलिश पुन्हा विरघळू लागते आणि डाग पडतात. संगमरवरही नको, त्याला लिंबाचा रस खातो.

आणि दारे काचेची नकोत. भोवतालच्या फर्निचरच्याच रंगाची बंद दारे, झडपेला कुलूप. बंद केले की ते पुस्तकांचे कपाट वाटावे, इतके साधे.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल, तर चहाची ट्रॉली काढा. वरच्या ताटात ग्लास, खाली पाणी-सोडा. बाटल्या मात्र एरवी लोखंडी कपाटातच ठेवायच्या, पाहुणे आले की तेवढ्यापुरत्या ट्रॉलीवर.

आत काय ठेवाल?

ग्लास सहा उंच आणि सहा बुटके, बस्स. ३० आणि ६० मिलिलिटरचे मापही हवेच. अंदाजाने ओतणाऱ्याचा हात नेहमी सैलच असतो.

मापावरून आठवले. "बिअर म्हणजे काय, पाणीच!" असे पुरुषमंडळी सांगतात ना? हिशेब करा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगात शुद्ध मद्यार्क सुमारे २६ मिलिलिटर. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत साडेबत्तीस. बिअर ८ टक्क्यांची असेल तर ५२, म्हणजे दोन मोठे पेग!

व्हिस्की-रमच्या बाटल्या उभ्या ठेवाव्यात, नाहीतर तीव्र मद्याने बूच खराब होते. वाईनला खऱ्या बुचाचे तोंड असेल तर ती आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. फोडलेली वाईन फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी.

बर्फ आदल्या दिवशी करून झाकणाच्या डब्यात भरावा, नाहीतर फ्रीजरमधल्या बोंबलाचा वास त्यालाच लागतो. वेगळी बर्फाची बादली कशाला? पोळ्या गरम ठेवायचा कॅसरोल बर्फही तितकाच छान राखतो.

वरचा एक खण सरबतांसाठी राखून ठेवा. अमृत कोकम, आवळा, आले-लिंबू. अमृत कोकम एक भाग, गार सोडा चार भाग, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. आगळ वापराल तर लक्षात असू द्या, ते खारट असते, साखर घालावी लागेल. हे सरबत स्टीलच्या पेल्यात नको, त्याच उंच सुंदर ग्लासात द्या. न पिणाऱ्या पाहुण्याला मग चारचौघांत अवघडल्यासारखे होत नाही आणि "घे रे थोडी" हा आग्रहही आपोआप कमी होतो.

कागद आणि किल्ली

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. सौम्य बिअर आणि वाईनला वय २१ पुरे, इतर मद्यांना २५ पूर्ण हवे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे, तिथल्या मैत्रिणींनी सगळे कपाट सरबतांना द्यावे! परवाना त्याच कपाटात प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा.

गाडी घेऊन आलेल्या पाहुण्याला "एकानं काय होतंय?" असे कुणी म्हणू देऊ नका. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क सापडला की तो गुन्हा होतो. त्यांना रिक्षा बोलावून द्या.

बहिणीच्या घरी आता चार नियम आहेत. कपाट फक्त शनिवारी उघडायचे. लेकीची परीक्षा असेल त्या महिन्यात तेही नाही, कारण तिचा अभ्यास दिवाणखान्यातच चालतो. बहीण चकली-शेंगदाणे आधी काढून ठेवील, पण रात्री दहानंतर कढई चढणार नाही. आणि ग्लास ज्यांनी उष्टे केले, त्यांनीच विसळायचे. हा शेवटचा नियम कळल्यावर मेहुण्यांचे दोन मित्र यायचे कमी झाले म्हणे!

किल्ली बहिणीच्या जुडग्यात असते. परवा मी विचारले, "मागतात का गं मधल्या वारी?"

"एकदा मागितली होती," ती म्हणाली. "मी म्हटलं, देते की, पण आधी पोराचा पाढा घ्या. सातचा पाढा संपेस्तोवर दोघंही झोपले."

सासूबाई पुन्हा सोफ्यावर बसू लागल्या आहेत, अगदी त्या कपाटाखालीच. आत सरबताच्या बाटल्या आहेत, एवढे त्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांचेही ठाऊक असेल म्हणा, पण त्या तसे दाखवत नाहीत.