वरण सांडलं, गालिचा पिवळा झाला!

वाटी कलंडली आणि गालिच्यावर वरण सांडलं. आता काय कराल? हातात फडकं घेऊन खसाखसा घासाल? थांबा, थांबा! घासलं की रंग धाग्यांच्या पार मुळाशी जातो आणि डाग ऐसपैस पसरतो. आधी चमच्याने वरण उचलून घ्या. मग कोरडं सुती फडकं डागावर नुसतं दाबून धरा, कडेकडून मधे येत. समईची वात तेल वर ओढते ना, तसं फडक्याचे धागे ओलावा वर ओढून घेतात.

मग साबणाचं पाणी लावलंत आणि पिवळा डाग चक्क लाल झाला! घाबरू नका, ही सगळी हळदीची करामत. हळदीतल्या पिवळ्या पदार्थाचं नाव कुरकुमिन. फोगेल आणि पेल्तिए या शास्त्रज्ञांनी १८१५ साली तो हळदीतून वेगळा काढला, पण त्याच्या रेणूची रचना कळायला १९१० साल उजाडलं. कुरकुमिन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून आपल्याला ते पिवळं दिसतं. साबण असतो आम्लारिधर्मी. त्याच्याशी गाठ पडली की कुरकुमिनचा रेणू बदलतो, वेगळा प्रकाश शोषू लागतो आणि डाग लालसर दिसतो. वर लिंबू पिळा, स्वारी पुन्हा पिवळी!

प्रत्येक डागाची तऱ्हा न्यारी. रक्ताला थंडच पाणी हवं. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठून धाग्यांना घट्ट चिकटतात. तूप सांडलं तर त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, ती तूप टिपून घेते. बॉलपेनची शाई सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलमध्ये विरघळते. ब्लीचला मात्र हात लावू नका. लोकरीचा गालिचा त्याने खराब होतो, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मग हळदीचा डाग काढायचा कसा? मला सगळ्यात आवडतो तो फुकटातला उपाय: ऊन! सूर्यप्रकाशाने कुरकुमिनचे रेणू तुटतात आणि पिवळेपणा ओसरतो. फक्त गालिचा फार वेळ उन्हात ठेवू नका, नाहीतर त्याचा स्वतःचा रंगही विटेल.

खरं वाटत नाही? पांढऱ्या सुती चिंधीला हळदीचं पाणी लावून वाळवा. अर्धी चिंधी जाड पुठ्ठ्याखाली झाका आणि कडक उन्हात ठेवा. उघडा भाग फिका पडला की पूर्ण चिंधीवर साबणाचं पाणी शिंपडा. झाकलेला भाग झटकन लाल होईल. उघड्या भागावर जिथे लाली उमटेल, तिथे थोडं कुरकुमिन अजून दडून बसलंय. धुऊन पुन्हा उन्हात टाका त्या चिंधीला!