तारे नकोत, नावे पाहा

डिस्कॉग्स ही ऑनलाइन सूची 2000 साली इलेक्ट्रॉनिक संगीतापासूनच सुरू झाली. या संगीतात एकच कलाकार अनेक टोपणनावांनी वावरतो. म्हणून नवे शोधताना तारांकनापेक्षा श्रेयनामावली आणि लेबल अधिक कामाचे. ‘एफेक्स ट्विन’ आवडला, तर त्याचेच दुसरे नाव ‘पॉलिगॉन विंडो’ तिथे सापडते, आणि वॉर्प लेबलच्या यादीतून ऑटेकरही. नोंदी हौशी लोक भरतात, चुकतात, हा आक्षेप खरा. पण ती चूक रेकॉर्डवर चिकटवलेल्या लेबलच्या छायाचित्रावरून पकडता येते. ताऱ्यांचे काय पकडणार?

सूचीची मोठी उणीव वेगळीच. मुंबईच्या चरणजित सिंग यांची 1982ची, रागांवर बेतलेली सिंथेसायझर रेकॉर्ड 2010मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाउस संगीताशी तिचे साम्य समीक्षकांनी दाखवले. सूचीत अशा साम्याला रकाना नाही. त्यासाठी परीक्षणच वाचावे लागते.